रेसिडेंटचे तास कोण मोजणार?

५ जून १९९२ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने निवासी डॉक्टरांच्या, म्हणजे एमडी-एमएस शिकता शिकता रुग्णालयात काम करणाऱ्या रेसिडेंटच्या, कामाबद्दल एक आदेश काढला. रेसिडेंटची सलग ड्यूटी सहसा बारा तासांपेक्षा जास्त नसावी, आठवड्यातून एक सुट्टी पाळीपाळीने मिळावी आणि ज्युनिअर रेसिडेंटने साधारणपणे आठवड्याला ४८ तास काम करावं, असं त्यात म्हटलं होतं. पुढे २०२३ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पदव्युत्तर शिक्षणाचे नवे नियम आणले. त्यांत ४८ हा आकडा राहिला नाही. काम वाजवी तासांचं असावं, विश्रांतीला वाजवी वेळ मिळावा, एवढंच उरलं. २०२४ साली याच आयोगाच्या मानसिक आरोग्यविषयक राष्ट्रीय कृती दलाने आपला अहवाल दिला आणि आकडा परत आला, पण ७४ होऊन. एक दिवस सुट्टी, एक चोवीस तासांची ड्यूटी आणि उरलेले पाच दिवस दहा-दहा तास, अशी ती बेरीज आहे.

बत्तीस वर्षांत मर्यादा कमी होण्याऐवजी दीडपट झाली, आणि तरीही ती शिफारस वाचून पुण्यातल्या रेसिडेंटना हायसं वाटलं. मेडिसिन, सर्जरी, गायनॅक, ऑर्थो, पेडियाट्रिक्सच्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींशी बोलून बघा. इमर्जन्सीचा दिवस, तीच रात्र, मग सकाळचा राउंड, मग ओपीडी, मग संध्याकाळच्या नोट्स, असे सलग छत्तीस तास जागं राहणं त्यांना मुद्दाम सांगण्यासारखं वाटतच नाही. आपण विचारलं तर सांगतात, तेही 'सगळेच करतात' असं म्हणून.

मी पुण्यात मानसोपचाराची प्रॅक्टिस करते. माझ्याकडे येणाऱ्यांत रेसिडेंट असतात, आणि गेल्या काही वर्षांत ते जास्त येतात. त्यामुळे मी जे म्हणणार आहे ते माझ्या व्यवसायाच्या विरोधात जाणारं वाटेल. रेसिडेंटमधलं नैराश्य आणि चिंता यांवरचा पहिला उपाय समुपदेशन नाही, ध्यानधारणेचं शिबिर नाही आणि माझ्या गोळ्याही नाहीत. पहिला उपाय म्हणजे त्यांचे तास मोजणं, मोजलेले तास सगळ्यांना दिसतील असे ठेवणं, आणि जो माणूस ड्यूटी लावतो त्याच्याच हातात पदवीची दोरी न ठेवणं. बाकी सगळं त्यानंतर.

'आजकालची मुलं नाजूक झालीत' हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आधी त्याचाच निकाल लावते. नीट-पीजीला, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेला, दरवर्षी दोन लाखांहून जास्त डॉक्टर बसतात. त्यातून जागा मिळवणारे म्हणजे बारावीची नीट, साडेचार वर्षांचं एमबीबीएस आणि वर्षभराची इंटर्नशिप पार करून आलेले. इतकं सोसून आलेली मुलं मुळातच दुबळी कशी म्हणायची? तरीही कुणाला शंका असेल तर श्रीजन सेन आणि सहकाऱ्यांचा २०१० सालचा अमेरिकेतला अभ्यास पाहावा. त्यांनी ७४० इंटर्न, म्हणजे तिथल्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंट, डॉक्टरांना काम सुरू होण्यापूर्वी तपासलं आणि नंतर वर्षभर तपासत राहिले. नैराश्याच्या निकषांत बसणारे आधी ३.९ टक्के होते, काम सुरू झाल्यावर २५.७ टक्के. माणसं तीच आणि त्यांचे आईबाप, त्यांचं बालपण, त्यांचा स्वभावही तोच. बदललं ते फक्त काम. २०१५ साली जगभरच्या ५४ अभ्यासांतल्या सतरा हजारांहून जास्त निवासी डॉक्टरांची आकडेवारी एकत्र केली गेली, तेव्हा नैराश्य किंवा त्याची लक्षणं असणाऱ्यांचं प्रमाण २८.८ टक्के निघालं. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात तर तास आणि नैराश्य यांचं नातं पायरीपायरीने चढताना दिसलं: आठवड्याला नव्वदहून अधिक तास काम करणाऱ्यांत मध्यम ते तीव्र नैराश्याची शक्यता चाळीस-पंचेचाळीस तासवाल्यांच्या जवळजवळ तिप्पट.

आपल्याकडचे आकडे याहून सुखद नाहीत. आयोगाच्या कृती दलाने केलेल्या ऑनलाइन पाहणीत पाच हजारांहून जास्त पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. त्यांतल्या सुमारे ३१ टक्के जणांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास मुलं आठवड्याला साठ तासांहून जास्त काम करत होती. माहिती अधिकारात आयोगाने दिलेल्या उत्तरानुसार पाच वर्षांत देशभरात १२२ वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, त्यांत ५८ पदव्युत्तर होते. त्याच काळात जागा सोडून गेलेले १,२७०, आणि त्यांतले १,११७ पदव्युत्तर. देशात एमबीबीएसच्या जागा पीजीच्या जागांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, हे लक्षात घेऊन हा शेवटचा आकडा पुन्हा वाचावा. जिवापाड मेहनत करून मिळवलेली जागा, वर ती सोडली तर दंडाचा धाक, तरी एवढे लोक सोडून जातात.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो आणि तो माझ्याच क्षेत्रातून येतो. असे अभ्यास बहुधा पीएचक्यू-९ नावाच्या प्रश्नावलीवर चालतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, थकवा होता का, भूक कशी होती, लक्ष लागत होतं का, असे नऊ प्रश्न. इमर्जन्सी युनिटमधल्या कुठल्याही रेसिडेंटला यातले तीन-चार गुण नैराश्य नसतानाही पडणार, कारण त्याला झोपूच दिलेलं नसतं. मग आपण थकव्याला आजाराचं नाव देतोय का? काही अंशी होय, आणि तपासताना हा फरक मला रोज करावा लागतो. माझा अनुभव असा की नुसता थकलेला रेसिडेंट दोन रात्री नीट झोपला की तिसऱ्या दिवशी कुठे जेवायला जायचं याचा विचार करायला लागतो. नैराश्य आलेल्याला सुट्टी मिळाली तरी तो खोलीतच पडून राहतो, घरचा फोन उचलत नाही, मित्राच्या लग्नाचा मेसेज आठवडाभर उघडत नाही. त्याला एकच वाक्य सतत ऐकू येत असतं: माझ्यामुळे पेशंट मरेल. नवव्या प्रश्नाला, म्हणजे स्वतःला इजा करण्याच्या किंवा मेलेलं बरं असं वाटण्याच्या विचारांबद्दलच्या प्रश्नाला, तो 'हो' म्हणतो तेव्हा ते अपुऱ्या झोपेच्या खात्यावर टाकता येत नाही. पण यातली दुसरी बाजूही खरी आहे. महिनोन्‌महिने झोप तोडत राहिलं की थकव्याचं नैराश्य होतं. या दोहोंमध्ये भिंत नाही, उतार आहे, आणि त्या उतारावर आपण चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलांना रोज थोडं पुढे ढकलतो.

मुळात या तासांत ती करतात काय? बाहेरच्यांना वाटतं की हे सगळं शिक्षण आहे. पेशंट तपासणं, निदानाचा विचार करणं, ऑपरेशनला हात लावणं, यासाठी कितीही तास दिले तर बहुतेक मुलं तक्रार करत नाहीत. उलट तेच तर त्यांना हवं असतं. पण पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटचा दिवस बघा. पहाटे सगळ्या वॉर्डचं रक्त काढायचं, नळ्यांवर नावं लिहायची, त्या लॅबमध्ये पोचवायच्या, रिपोर्टच्या मागे धावायचं, सोनोग्राफीची तारीख मिळवण्यासाठी दुसऱ्या विभागातल्या रेसिडेंटच्या विनवण्या करायच्या, ब्लड बँकेतून पिशवी आणायची, मामा (वॉर्डबॉय) जागेवर नसतील तर ट्रॉली स्वतः ढकलायची, डिस्चार्ज कार्डं लिहायची, सरकारी योजनेच्या मंजुरीसाठी फोटो आणि कागद चढवायचे, एमएलसीचे, म्हणजे पोलीस केसचे, जबाब पोलिसांना द्यायचे. आणि हे सगळं चालू असताना नातेवाइकांना समजवायचं. यातल्या फार थोड्या कामाला एमबीबीएसची पदवी लागते. ते डॉक्टर करतो, कारण ज्याने करायचं त्याची जागा रिकामी असते. वर्ग चारची पदं, तंत्रज्ञांची पदं, परिचारिकांची पदं रिक्त असल्याच्या बातम्या महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांबद्दल वर्षानुवर्षं येत आहेत, आणि त्या रिकाम्या जागा भरल्याशिवाय रुग्णालय चालत राहतं याचं साधं कारण म्हणजे रेसिडेंट. तो कमी पैशांत मिळतो, वसतिगृहात म्हणजे हाकेच्या अंतरावर राहतो आणि 'नाही' म्हणू शकत नाही.

ससूनचं उदाहरण घ्या. १८६७ साली डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं हे रुग्णालय आणि १९४६ पासून त्याला जोडलेलं बी. जे. मेडिकल कॉलेज. पुणे स्टेशनाला लागून असल्यामुळे शहरातलाच नव्हे तर नगर, सोलापूर, साताऱ्याकडचा गरीब माणूस शेवटी तिथेच येतो. खासगीतले पैसे संपले की तिथे येतो. त्याला रात्री दोन वाजता भेटतो तो रेसिडेंट. पावसाळ्यानंतर डेंग्यू आला की, २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा, कोविडमध्ये तर विचारूच नका. प्रत्येक वेळी शहराने जो भार टाकला तो आधी या मुलांनी झेलला. कोविडनंतरचं एक प्रकरण लोक विसरले. २०२१ ची नीट-पीजी लांबली, मग आरक्षणाच्या न्यायालयीन वादात प्रवेशफेऱ्या लांबल्या, आणि जी बॅच २०२१ च्या मध्यात रुजू व्हायला हवी होती ती २०२२ उजाडेपर्यंत आलीच नाही. तीन बॅचचं काम दोन बॅचच्या मुलांनी केलं. मार्डने, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेने, आंदोलन केलं तेव्हा टीव्हीवर चर्चा झाली ती रुग्णांचे हाल होतात याची. हाल होतच होते. पण एक बॅच आली नाही म्हणून रुग्णालयं कोलमडतात, याचा अर्थ ती विद्यार्थ्यांच्या खांद्यांवर उभी आहेत, हे त्या वेळी स्पष्ट दिसलं होतं आणि त्याचं पुढे काही केलं गेलं नाही.

खासगी आणि अभिमत कॉलेजांत चित्र थोडं वेगळं. तिथे रुग्णांची गर्दी कधी कमी असते, पण घरच्यांनी फीसाठी काढलेलं कर्ज असतं, आणि त्या कर्जाचा आकडा मुलाला पाठ असतो. माझ्यासमोर बसलेली मुलं जागा सोडण्याबद्दल बोलताना आधी तो आकडा सांगतात, मग आजाराबद्दल.

आणि या सगळ्याच्या वर सहीची सत्ता. पदव्युत्तर विद्यार्थ्याची सिनॉप्सिस, थीसिस, टर्म, लॉगबुक, परीक्षेचा फॉर्म, सगळ्यावर विभागातल्या त्याच दोन-तीन माणसांच्या सह्या लागतात जी त्याच्या ड्यूट्या लावतात. जेआर-वनला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या ज्युनिअर रेसिडेंटला, ड्यूटी प्रत्यक्षात लावतो जेआर-थ्री, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा, आणि त्याला वरचे विचारत नाहीत. त्यामुळे शिक्षा म्हणून जादा इमर्जन्सी लावणं, रात्रीच्या राउंडला सगळ्यांसमोर अपमान करणं, जेवायला जाऊ न देणं, हे कुठल्याही कागदावर येत नाही. तक्रार करायची तर रॅगिंगविरोधी समिती आहे, आयोगाचे २०२१ चे नियम आहेत, राज्याचा १९९९ चा कायदा आहे. पण समितीत बसलेले प्राध्यापक उद्या परीक्षक असतात. मुंबईत २०१९ साली डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला आणि त्यांच्या घरच्यांनी जातीवरून छळाचा आरोप केला. तो खटला न्यायालयात आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण त्यानंतर आदिवासी, दलित, भटक्या समाजातून आलेल्या ज्या मुली माझ्याशी बोलल्या, त्यांनी आपण तक्रार का करत नाही याचं दिलेलं कारण एकच होतं: तीन वर्षं इथेच काढायची आहेत.

अखिल भारतीय कोट्यातून आलेल्या मुलांचा एकटेपणा वेगळा आहे. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा त्या कोट्यात जातात. बिहार, केरळ, राजस्थानातून आलेली मुलगी पहिल्या आठवड्यात 'दुखतंय का', 'उलटी झाली का', 'जेवण झालं का' एवढं शिकते आणि त्या भांडवलावर रात्री तीन वाजता चिडलेल्या नातेवाइकांसमोर उभी राहते. नातेवाइकांचा राग समजण्यासारखा असतो, त्यांचा माणूस जात असतो. पण त्या रागासमोर उभं राहायला तिथे प्राध्यापक नसतात.

मग यातलं कुणी आजारी पडलं तर जातं कुठे? त्याच्याच कॉलेजात मानसोपचार विभाग असतो, तिथे गाठ पडते ती बॅचमेटशी. केसपेपर कोण बघेल, गाइडपर्यंत पोचेल का, पुढे नोकरीला अडेल का, या भीतीने तो तिथे जात नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो, रोख पैसे देतो, कागदावर पूर्ण नाव लिहू नका म्हणतो. काही जण स्वतःच गोळ्या लिहून घेतात. डोस मित्राला विचारून ठरवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि डॉक्टर हाही रुग्ण असतो. प्रत्येक कॉलेजाने आपल्या आवाराबाहेरच्या, आपल्याशी काहीच संबंध नसलेल्या मानसोपचारतज्ज्ञांशी व्यवस्था करावी आणि कोण गेलं याची नोंद कॉलेजाकडे येऊ नये. पुण्यात एवढी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत की एकमेकांच्या रेसिडेंटना बघण्याची अदलाबदल आठवड्याभरात ठरवता येईल. तोवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही मोफत, चोवीस तासांची लाइन आहे, तिथे मराठीत बोलता येतं. ज्याला रात्री एकट्याला असह्य होतंय त्याने ती वापरावी, हे मी अगदी मनापासून सांगते.

तरी माझा मुद्दा तासांवरच येतो, आणि तो फक्त डॉक्टरांच्या भल्याचा नाही. १९९७ सालच्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं की सलग सतरा तास जागा असलेला माणूस हातांच्या आणि लक्षाच्या कामांत ०.०५ टक्के मद्यांश रक्तात असलेल्या माणसाइतका मागे पडतो, आणि चोवीस तासांनंतर ०.१० टक्के असलेल्यासारखा. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे शनिवारी रात्री जंगली महाराज रस्त्यावर पोलीस ज्याची गाडी काढून घेतील, त्याच्याहून वाईट अवस्थेतल्या माणसाकडून आपण बाळाच्या औषधाचा डोस काढून घेतो. बॉस्टनमधल्या २००४ सालच्या एका अभ्यासात अतिदक्षता विभागातल्या इंटर्नच्या लांब पाळ्या तोडून पाहिल्या. जुन्या पद्धतीत गंभीर चुका ३५.९ टक्के जास्त निघाल्या. आणि २००८ साली बालरोग विभागांतल्या रेसिडेंटच्या अभ्यासात नैराश्य असलेल्यांकडून औषधांच्या चुका इतरांच्या सहापटीहून जास्त झालेल्या आढळल्या. आपला माणूस ज्या खाटेवर आहे, त्याच्या शेजारी उभा असलेला रेसिडेंट झोपलेला आहे की नाही, हा आपला प्रश्न आहे.

याला जोरदार उत्तर आहे, ते मांडलंच पाहिजे. अमेरिकेत २०११ साली पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांची पाळी सोळा तासांवर आणली. सेन यांच्याच गटाने पुन्हा मोजलं: आठवड्याचे तास सरासरी ६७ वरून ६४.३ झाले, नैराश्य मात्र कमी झालं नाही, आणि चुका केल्याचं सांगणारे उलट वाढले. पुढे सर्जरीच्या मोठ्या चाचणीत लांब पाळ्यांमुळे रुग्णांचं नुकसान वाढल्याचं दिसलं नाही, आणि २०१७ मध्ये ती सोळा तासांची अट मागे घेतली गेली. माझे सर्जन मित्र हे मला दर वेळी ऐकवतात. रुग्ण अर्ध्यात दुसऱ्याच्या हाती सोपवला की माहिती गळते, हेही त्यांचं खरं आहे.

पण या आकड्यांतून मी वेगळं वाचते. तिथे तास कापले, काम तेवढंच ठेवलं. सदुसष्ट तासांचं काम चौसष्ट तासांत कोंबलं तर माणूस आणखी धावणार आणि आणखी चुकणार, यात नवल काय? म्हणून नुसता आकडा खाली आणणं हा माझा आग्रह नाही. रक्ताच्या नळ्या, ट्रॉली, कागद आणि ब्लड बँकेच्या फेऱ्या डॉक्टरांच्या हातून काढून घ्या, त्यासाठी माणसं भरा, आणि मग तास कापा. ऑपरेशन अर्ध्यावर सोडून घरी जा असं कुणीच म्हणत नाही. शिवाय तिथला वाद साठ आणि सत्तरच्या दरम्यानचा आहे. तिथली कमाल मर्यादा ८० तास, युरोपातली ४८. आपल्याकडे कमाल किती तास चालू आहेत हे सांगणारी अधिकृत नोंदच नाही.

वास्तविक ती नोंद ठेवणं अवघड नाही. आयोगाने मेडिकल कॉलेजांतल्या अध्यापकांसाठी आधारशी जोडलेली हजेरी सक्तीची केली, कारण तपासणीपुरते भाड्याने आणलेले प्राध्यापक पकडायचे होते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ८० टक्के हजेरीची अट आहेच. म्हणजे हजेरी कमी पडू नये यासाठी यंत्र आहे, अट आहे, शिक्षाही आहे. जास्त होऊ नये यासाठी काहीच नाही. तेच यंत्र रेसिडेंटच्या येण्याजाण्याची वेळ नोंदवेल, संगणक आठवड्याची बेरीज करेल, आणि प्रत्येक विभागाची सरासरी आणि कमाल, नावं वगळून, कॉलेजच्या संकेतस्थळावर दर महिन्याला टाकता येईल. आयोगाचे तपासनीस खाटा मोजतात, ग्रंथालयातली पुस्तकं मोजतात. ही बेरीजही मागावी, आणि ज्या विभागात ती सतत मर्यादेबाहेर जाते त्याच्या नव्या जागा थांबवाव्यात. जागा थांबणार म्हटलं की विभागप्रमुख स्वतः मंत्रालयात जाऊन वर्ग चारची पदं भरून आणतील. आज त्यांना तसं करण्याची काहीच गरज पडत नाही. बाहेर असताना हजेरी लावायला लावतील, आत असताना बाहेर गेल्याची नोंद करायला लावतील, हे मला कळतं. खोटी नोंद करायला लावली तर त्याचाही माग राहतो, आज तोही नाही.

सहीच्या बाबतीत नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ बरंच करू शकतं. रेसिडेंटची तक्रार कॉलेजबाहेर, विद्यापीठाकडे थेट जावी. तक्रार असलेल्या विद्यार्थ्याचा गाइड बदलून मिळावा, आणि तो बदल त्याच्या टर्ममधून कापला जाऊ नये. आजारपणाची रजा घेतली म्हणून परीक्षा सहा महिने पुढे ढकलली जाण्याची भीती असेल तर कुणीही आजार सांगणार नाही.

रेसिडेंटनी जिल्हा रुग्णालयात तीन महिने काम करण्याची योजना सुरू झाली तेव्हा मुलं कुरकुरली होती. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काही जण त्या तीन महिन्यांत सुधारले. डॉक्टर तेच, रुग्ण तसेच गरीब, सोयी पुण्यापेक्षा कमी. पण रात्री झोप मिळत होती आणि कुणी ओरडत नव्हतं. औषध आम्ही बदललं नव्हतं.

आईवडिलांशीही थोडं बोलायचं आहे. आपल्या घरातला मुलगा एमडीला लागला याचा अभिमान वाटणं स्वाभाविक आहे, आणि त्याच्या न झोपण्याचाही आपण त्या अभिमानात समावेश करतो: 'दोन दिवस घरी आला नाही, एवढं काम असतं त्याला.' तो जागा सोडायची म्हणतो तेव्हा आपण फी, दंड आणि लोक काय म्हणतील या क्रमाने बोलतो. जानेवारी २०२४ मध्ये खुद्द राष्ट्रीय आयोगाने राज्यांना कळवलं की जागा सोडल्याबद्दलच्या दंडामुळे विद्यार्थ्यांवरचा मानसिक ताण वाढतो, तो रद्द करावा. ज्याला कुणाला आपल्या मुलाचा आवाज बदललेला वाटतो त्याने हे पत्र डोळ्यांसमोर ठेवून पुण्याची गाडी पकडावी, वसतिगृहात जाऊन त्याला भेटावं आणि त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जावं. दंडाचा हिशेब त्यानंतर करता येतो. आणि महाराष्ट्र सरकारने तो दंड ठेवायचाच असेल तर निदान मानसोपचारतज्ज्ञाच्या दाखल्यावर जागा सोडणाऱ्याला त्यातून वगळावं. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या एका शासन निर्णयाने हे होऊ शकतं, आणि तो पुढच्या प्रवेशफेरीच्या आधी निघायला हवा.